सेलूचं ऊन आणि कुसुमचा कॉम्प्युटर

परवा भर दुपारी घरातला कॉम्प्युटर घरघरायला लागला. वैशाखाचे दिवस, बाहेर रस्ता तापून पांढरा पडलेला, ओसरीत झोपलेल्या कुत्र्याची जीभ फरशीला टेकलेली. सुट्टीला आलेली नात वैतागून म्हणाली, "आबा, हे आपोआपच बंद पडायलंय." मी खाटेवरून उठलो. गुडघे नको म्हणत होते, पण त्यांचं ऐकायची मला सवय नाही. डब्याच्या मागं तळहात धरला आणि डोळे मिटले. वारा येत होता, पण दम लागलेल्या म्हाताऱ्याच्या श्वासासारखा, गरम आणि तुटका.

म्हटलं, "बंद कर. वायर काढ. आत कचरा साचलाय."

पोरगी हसायला लागली. "आबा, तुमची शाळा किती?"

"तिसरी. ती बी पुरती न्हाई."

"मग तुम्हाला कॉम्प्युटरचं काय कळतं?"

"तुझ्या आईला फोन लावून विचार," म्हणालो, आणि खाटेवर येऊन पडलो. पण झोप कुठली यायला? तळहातावर ती गरम हवा तशीच राहिली होती. त्या हवेनं मला उचललं आणि सेलूच्या त्या गल्लीत नेऊन उभं केलं.

ती गल्ली ज्यानं पाहिली नाही त्याला ऊन कळलं नाही असं मी म्हणतो. एका बाजूला घरं, समोर कापसाचं जिन. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात माणसामाणसांची तोंडं फिरलेली होती, त्या शेवटच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. जिन सुरू असलं की गल्लीभर रुई उडायची. डोळ्यांच्या पापण्यांवर, दोरीवरच्या धोतरांवर, लिंबाच्या मोहरावर. चहावर साय धरावी तशी रुई धरायची, अन् लोक ती बोटानं काढून चहा प्यायचे. वासही लक्षात आहे : तापलेल्या सरकीचा, इंजिनाच्या तेलाचा, आणि संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की मातीचा. शेत माझं देवगाव फाट्याजवळ, पण पोरं शिकावीत म्हणून सेलूत ह्या गल्लीत दोन खोल्या धरल्या होत्या. लोक म्हणायचे, रुईत राहून खोकला होईल. मला झाला नाही. मला व्हायची त्याची हिंमत झाली नसावी.

ह्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत कुसुमचा कॉम्प्युटर आला.

कुसुम माझी थोरली, ह्या नातीची आई. औरंगाबादला मावशीकडं राहून कॉम्प्युटर शिकली आणि परत येऊन म्हणाली, "आबा, मी नोकरी न्हाई करत. मी सेलूत क्लास काढते. पोरींचा." मशीन वापरलेलंच घेतलं. एका हंगामाचा कापूस त्या डब्यात गेला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. औरंगाबादेहून एस.टी.त मांडीवर घेऊन आलो मी तो डबा, गोधडीत गुंडाळून. टीव्हीसारखा पडदा कुसुमच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, काय हाय गोधडीत?" मी म्हणालो, "लेकीचा संसार." त्यानं तिकीट मागितलं नाही. पुढची दोन माणसं उठवून आम्हाला ऐसपैस जागा करून दिली.

घरी आल्यावर तो ठेवायचा कुठं? कुसुम म्हणाली टेबलावर. तिची माय म्हणाली, एवढी मोठी वस्तू अशी उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताखाली? भिंतीत एक खोल फडताळ होतं, दारं काढलेलं. मायनं ते सारवलं, पांढरा चुना दिला, आणि डबा त्यात अगदी मागच्या भिंतीला टेकवून बसवला. डब्यावर पडदा बसवला. नारळ फोडला. हळदकुंकू लावलं. लाल मखमलीचं झाकण शिवलं, काठाला टिकल्या लावल्या. समोरचा तोंडापुरता भाग मोकळा ठेवून बाकी सगळं मखमलीत. रोज सकाळी पुढं उदबत्ती. गल्लीतल्या बाया चपला बाहेर काढून बघायला यायच्या आणि पडद्यावरची हिरवी अक्षरं बघून हात जोडायच्या. आमच्याकडं नवं इंजिन आलं, नवी बैलजोडी आली, तरी हे असंच करतात. जिच्यावर पोट आहे तिला मान द्यायचा. त्यात काय चूक आहे असं मला आजही वाटत नाही. चूक फक्त जागेची होती.

क्लास भरला. सेलूच्या, आसपासच्या खेड्यांच्या पोरी आल्या. सगळ्या वस्त्यांतल्या आल्या. खोलीत एकच माठ होता आणि एकच पेला. एकदोन आयांनी कुजबुज केली तेव्हा कुसुम दारात उभी राहून म्हणाली, "ज्याला तहान न्हाई त्यानं पिऊ नये." त्या दिवसापासून मी गल्लीत छाती काढून चालायला लागलो.

पण माझा मेहुणा, बायकोचा भाऊ विठ्ठल, त्याला हे पटत नव्हतं. मानवतचं एक स्थळ त्यानं आणलेलं, आडत दुकानवाल्याचं. अट एवढीच की लग्नानंतर क्लास बंद. तो दर बाजाराच्या दिवशी यायचा, सुपारी कातरत बसायचा.

"दाजी, पोरगी डब्यापुढं बसून बसून म्हातारी व्हायलीय. तुमाला दिसना का?"

"मला चष्मा न्हाई लागला अजून," मी म्हणायचो.

शेवटी एका दिवशी कुसुमच बाहेर आली. म्हणाली, "मामा, मे महिन्यात बोर्डाचे साहेब परीक्षा घ्यायला येणार हायेत. माझ्या पोरी पास झाल्या तर क्लासला मान्यता मिळंल. मिळाली, तर माझ्या लग्नाचं माझं मी बघीन. न्हाई मिळाली, तर तुमी म्हणाल त्या मांडवात उभी राहीन."

विठ्ठलनं सुपारी तोंडात टाकली. "साक्षीला कोण?"

"मी हाय की," मी म्हणालो. म्हणून तर गेलो, पण आता मागं फिरणं नाही, हे मला कळत होतं. माझी पोर दिलेला शब्द फिरवणारी नव्हती. ते माझ्यावरच गेलेलं.

आणि नेमकं चैत्र सरता सरता मशीन बंद पडायला लागलं.

पडदा जागच्या जागी थिजायचा. अक्षर अर्धं उमटलेलं, खालची दांडी उमटायची राहिलेली. पोरगी कळ दाबत राहायची, काही हलायचं नाही. मग कधी कधी आख्खा डबाच गप्प. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. केलेलं काम मात्र गेलेलं. पोरी रडकुंडीला यायच्या. परीक्षेत असं झालं तर काय, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

कारण काय, हे मात्र गल्लीत प्रत्येकाला ठाऊक होतं. जिनातला फोरमन म्हणाला लाईट कमीजास्त व्हायलीय. शेजारीण म्हणाली नजर लागली. मी म्हणालो, ऊन. साधी गोष्ट आहे, विहिरीवरचं माझं इंजिन तापलं की बसतं, पाणी फिरवलं की उठतं. ह्यालाही थंडावा पाहिजे. मी गोणपाटं भिजवून खिडकीला बांधली, दर घंट्याला पाणी मारलं. खोली अशी गार झाली की पोरी पदर अंगाभोवती घेऊन बसल्या. मशीन तरीही बसलं. मी आणखी पाणी मारलं. कुसुमनं बादली काढून घेतली.

"आबा, शॉक बसंल कुणाला तरी. अन् एक सांगा, गारव्यानं सुधारायचं असतं तर आज सुधारलं असतं ना?"

"मग अजून गार करू."

"न्हाई. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. मग कळतंय कशानं काय झालं."

माझा स्वभाव असा की दहा गोष्टी एकदम करायच्या, कुठली तरी लागू पडते. पण तिचं ऐकलं. ती बसली. लाईटचा बल्ब मशीनशेजारी लावून ठेवला. मशीन थिजलं तेव्हा बल्ब हलला नाही, मिणमिणला नाही. म्हणजे फोरमनचं कारण गेलं. मायनं लिंबू-मिरची बांधलेलीच होती, तरी थिजलं, शेजारणीचंही गेलं. मग पहाटेच्या गारव्यात मशीन लावलं, खिडकी उघडी, बाहेर लिंबावर कोकीळ. चांगलं चाललं. पण सलग चालू ठेवलं आणि उन्हं यायच्या आतच पुन्हा थिजलं. माझंही कारण गेलं. मला ते आवडलं नाही.

"ऊन बाहेरचं न्हाई, आबा," कुसुम म्हणाली. "ऊन डब्याच्या आत तयार व्हायलंय. अन् बाहेर जायला वाट न्हाई." मग मखमल काढून मशीन लावून पाहिलं. थोडं जास्त टिकलं. थोडंच. परभणीच्या दुरुस्तीवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, ठेवून जा, पंधरवड्यानं बघू. परीक्षा आठवड्यावर आलेली. माघारी येताना कुसुम गाडीच्या खिडकीतून उलटी पळणारी काळी रानं बघत बसली.

दुसऱ्या सकाळी माझी बायको, कुसुमची माय, उदबत्ती लावून मशीनपुढं बसली ती उठेचना. डोळ्याला पदर लावलेला.

मी म्हणालो, "आता रडायला काय झालं?"

"मला ठावं हाय हे का रुसलंय. सांगितलं न्हाई तुमाला. अशुभ बोलावं कशाला."

कुसुम दात घासता घासता आली. "काय ठावं हाय, माय?"

"धूर. पैल्यांदा आणलं तवा उदबत्तीचा धूर डब्याकडं वळायचा. ह्या फटींतून सरळ आत जायचा. मला वाटायचं, घेतंय बरं का, आपली पूजा घेतंय. आता बघ. लय दिवसापासून धूर सरळ वर जायलाय. घेईना ते आता."

आम्ही तिघं बघत राहिलो. मशीन चालू होतं. उदबत्तीचा धूर दोऱ्यासारखा सरळ वर चढत होता, डब्याकडं ढुंकूनही बघत नव्हता.

कुसुमनं मायच्या गळ्यात मिठी मारली. तोंडातला मंजनाचा फेस मायच्या लुगड्याला लागला. "माय गं! पंखा! आत पंखा हाय. तो पुढनं वारा आत ओढतो अन् मागनं गरम हवा बाहेर टाकतो. तो ओढीनाच झालाय!"

"म्हंजी रुसलं न्हाई?" माय म्हणाली.

"न्हाई. त्याचं नाक चोंदलंय."

वायर काढली. डबा फडताळातून बाहेर ओढला तर मागची चुन्याची भिंत पिवळी पडलेली, हात लावला तर कोमट. इतके दिवस तो डबा आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा पीत होता. मग तिनं पेचकस हातात घेतला आणि माझं धाबं दणाणलं. माझी सगळी बहादुरी तिथं संपली.

"कुसुम, आत हात घालू नको. काही तुटलं तर गेलंच समदं."

"आबा, तुमी इंजिन उघडता तवा कुणाला इचारता?"

मी बाजूला सरकलो. स्क्रू निघाले, झाकण निघालं. आत काय असेल असं मला वाटत होतं, सोनंनाणं म्हणा की देव म्हणा. आत एक गादी होती. खरं सांगतो, गादी. जिनाची रुई वर्षभर आत ओढली गेलेली, तिच्यात उदबत्तीची काजळी, हळदकुंकू, आणि सगळ्याचा राखाडी, लोकरीसारखा नमदा होऊन हिरव्या पाट्यांवर पसरलेला. पंख्याच्या आसाभोवती तर चरख्याच्या चातीवर सूत गुंडाळावं तशी रुई आवळून बसली होती. पंखा फिरणार कसा? एवढ्या उन्हात माणसाला गोधडी पांघरून कोंडलं तर तो काय करील, तेच त्या डब्यानं केलं होतं. मला त्याची दया आली. आणि थोडा अभिमानही वाटला, की एवढं सोसून तो रोज थोडा का होईना चालला. आमच्या घरचाच म्हणायचा.

माय म्हणाली फुंकणीनं फुंकते. कुसुम म्हणाली, तोंडाच्या वाफेनं आत ओल जाईल. मग मी सायकलचा पंप आणला. ते काम माझं. मी पंप मारायचा, कुसुम नळी फिरवायची, पंखा भणाणू नये म्हणून त्यात काडी अडकवून ठेवलेली. मऊ कुंचल्यानं पाट्या झाडल्या. आसाभोवतीची रुई मायनं क्रोशाच्या सुईनं बाहेरूनच, जाळीतून, एकेक धागा ओढत काढली. तिचे हात भरतकामाचे, घाई ठाऊक नसलेले. मी घामानं निथळलो. अंगणात रुईचा ढीग झाला तो वाऱ्यानं उडून पुन्हा जिनाकडं गेला.

झाकण लावलं. मशीन टेबलावर ठेवलं, खोलीच्या मध्यात, चारी बाजूंनी मोकळं. वायर जोडली. पंख्याचा आवाज आला, तो मी विसरणार नाही. भरल्या पोटाच्या मांजरासारखा. मायनं नवी उदबत्ती पुढं धरली. धूर थरथरला, वाकला, आणि फटींतून आत गेला.

"घेतलं," माय म्हणाली.

"घेतलं," कुसुम म्हणाली, "पण आता ही शेवटची. उद्यापासून उदबत्ती उंबऱ्यावर." मायनं ते मान्य केलं. मखमलीचं झाकण मशीन बंद झाल्यावरच घालायचं, हेही ठरलं. आणि खिडकीवर माझं जुनं धोतर ताणून बसवलं, ते माझं डोकं. वारा यावा, रुई येऊ नये. संध्याकाळी ते काढलं की त्याच्यावर बोटभर पांढरी लव असायची. मी झटकून, धुऊन, सकाळी पुन्हा बसवायचो. गल्लीत कुणी हसलं तर म्हणायचो, तुमच्या घरात कॉम्प्युटर आला म्हणजे सांगा, तुमचंही धोतर ताणून देईन.

परीक्षेचा दिवस. त्या दिवसाचं ऊन मी पुन्हा कधी पाहिलं नाही. जिनाच्या पत्र्यांकडं बघवत नव्हतं. साहेब सकाळच्या गाडीनं आले, उंच, शांत माणूस, येताच माठातलं पाणी मागून प्याले. मशीन एकच, म्हणून पोरी एकामागून एक. खोलीत साहेब, कुसुम आणि जिची पाळी ती पोरगी. बाकी आम्ही सगळे बाहेर लिंबाखाली. विठ्ठलही आलेला, पांढरा धुतलेला शर्ट घालून. निकाल ऐकायला आलेला.

एका पोरीचं काम झालं की आत परीक्षेपुरतं मागून आणलेलं छापायचं यंत्र चालायचं. किर्रर्र, किर्रर्र. तो आवाज आला की बाहेरच्या पोरी श्वास सोडायच्या. मी आवाज ऐकत होतो, दुसरं काही नाही. जिन धडधडत होतं, त्याच्यातून मी तो किर्र वेचून काढत होतो. दुपार चढली. सावली लिंबाच्या बुंध्याशी येऊन बसली. नेमकी आधी बंद पडायची ती वेळ. आतून बराच वेळ काहीच आवाज नाही. विठ्ठल माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, गप झालं वाटतं."

मी त्याच्याकडं पाहिलंच नाही. एक पोरगी मनातल्या मनात काही पुटपुटत होती. मायनं डोळे मिटलेले.

किर्रर्र.

त्यानंतर मी विठ्ठलला सुपारी कातरून दिली. माझ्या हातानं.

शेवटची पोरगी झरी गावाकडची, बोटांनी सावकाश, चुकलं की पुसून पुन्हा लिहिणारी. तिनं असा वेळ घेतला की मला वाटलं संध्याकाळ होणार. मशीन चालत राहिलं. सकाळपासून एकदाही थिजलं नाही, एकदाही दमलं नाही. तिचाही कागद बाहेर आला. साहेब दारात आले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "इतक्या उन्हात मशीन एकदाही बसलं नाही. मी आज सगळा दिवस तयारी ठेवून होतो की पुन्हा यावं लागेल."

कुसुम म्हणाली, "सर, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवलीय." साहेबांनी खोलीवर नजर फिरवली, खिडकीवरच्या माझ्या धोतरापाशी थांबले, आणि मान डोलावली. हसले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो.

पोरी पास झाल्या. मान्यता आली. त्यातल्या कितीतरी पोरी पुढं कुठं कुठं लागल्या, कुणी पतपेढीत, कुणी तहसिलीत. बाजारात भेटल्या की अजून "मॅडमचे आबा" म्हणतात. कुसुमनं पुढं लग्न केलं तेही तिच्या मनानं, शिकवणाऱ्या माणसाशी, क्लास चालू ठेवून. माझं आयुष्य बऱ्यापैकी लांब झालं. पुष्कळ हंगाम आले, चांगले आणि कोरडे. पण उन्हाळा म्हटलं की लोकांना झळा आठवतात, मला लिंबाखाली बसून वेचलेला तो किर्र आठवतो. ऊन वाईट असतं असं मला म्हणताच येत नाही. त्या उन्हानं आमचं काय आहे ते आम्हाला दाखवलं.

मान्यतेची बातमी कळली त्या बाजाराच्या दिवशी विठ्ठल आला तो नेहमीसारखा ओसरीत बसला नाही. सरळ क्लासच्या दारात जाऊन उभा राहिला. कुसुम पोरींना शिकवत होती. हा आपला खांबाला हात लावून उभा. मला वाटलं शब्द मोडायला आलाय, म्हणून मी उठून त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"कुसुम," तो म्हणाला, "माझी सून हाय ना, बारावी झालेली. तिला... घेशील का तुझ्या क्लासात?"

पोरींनी माना वळवल्या. कुसुमनं हातातला खडू खाली ठेवला नाही.

"घेईन की, मामा," ती म्हणाली. "पण उशिरा आली तर उभी ठेवीन."